झेंडा जिथून येतो

चैत्र पौर्णिमेला डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू झाली की आमच्या बोईसरमधले कितीतरी कामगार रजा टाकून विवळवेढ्याच्या वाटेला लागतात. यात्रा पंधरा दिवस चालते. पाळणे, खेळणी, सुकी मासळी, मसाले, बांबूच्या टोपल्या, सगळा बाजार हायवेलगत भरतो. पण यात्रेचा प्राण त्या गर्दीच्या वर, मुसळ्या डोंगराच्या सुळक्यावर असतो. ज्या कड्याकडे दिवसा नुसते पाहिले तरी पोटात गोळा येतो, त्यावर वाघाडी गावचा पुजारी रात्रीच्या अंधारात चढतो आणि देवीचा झेंडा लावतो. मी तिशी ओलांडेपर्यंत हे दरवर्षी पाहिले, दरवर्षी हात जोडले आणि झेंडा येतो कुठून, हे एकदाही विचारले नाही.

विचारले ते शाळेतल्या एका सहशिक्षिकेला. ती माझ्यापेक्षा लहान. माहेर जव्हारच्या बाजूचे, वारल्यांच्या पाड्यावरचे. ती सहज म्हणाली, "जव्हारवरून येतो ना, ताई. राजांकडून. मुकण्यांच्या घरातून."

तिच्या त्या 'राजांकडून'मध्ये आश्चर्य नव्हते, अभिमानाचा जोरही नव्हता. गावात पाणी विहिरीतून येते, तसा झेंडा राजांकडून येतो. आणि मी मात्र इतिहास शिकवणारी! शिवकाल, पेशवाई, इंग्रज, सगळे फळ्यावर लिहून झालेले. पण बोईसरहून दोन-अडीच तासांवर सहा शतके टिकलेले आदिवासी राज्य होते, त्याच्या राजांचा वाडा अजून उभा आहे, हे मला महालक्ष्मीच्या झेंड्यामुळे कळले. त्या आश्विनात, दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, आम्ही दोघी आणि माझी मुलगी जव्हारला निघालो.

बोईसरहून चिल्हार फाट्याला हायवे गाठायचा, मनोरला वळायचे, विक्रमगड आणि मग जव्हार. मागे तारापूर एमआयडीसीचा तो वास राहतो, ज्याची आम्हाला इतकी सवय झाली आहे की तो नसला की काहीतरी चुकल्यासारखे वाटते. विक्रमगडला गाडी थांबवली. या गावाचे जुने नाव कुडाण. जव्हारच्या विक्रमशहांच्या नावावरून ते विक्रमगड झाले, म्हणजे राजवाडा दिसण्याआधी तासभर आपण राजांच्याच मुलखातून जात असतो. पुढे रस्ता चढू लागला. उतारांवर खुरासणी फुलली होती. पिवळ्याचे चौकोन, त्यांच्यामध्ये नागलीची पिकायला आलेली बोंडे, खालच्या खाचरांत भात. मुलगी म्हणाली, "आई, इथे बाग कोणी केली?" मैत्रीण हसून म्हणाली, "बाग नाही गं, शेत आहे. तेल काढतात त्याचं." मला वाटते, त्या दिवसाचा नेमका प्रश्न मुलीने तिथेच विचारला होता.

जव्हारचे राजे मुकणे. कोळी महादेव जमातीचे. घराण्याचे मूळपुरुष जयबा. त्यांची कथा अशी सांगतात. जयबा पिंप्रीच्या देवस्थानाला गेले असता साधूंनी त्यांना राज्याचा आशीर्वाद दिला. मग ते उत्तरेकडे गेले, पेठ-धरमपूरकडून सुरतेपर्यंत, तिथून काठेवाडात. तिकडे सात वर्षे राहून परत आले. जव्हार तेव्हा वारली राजाकडे होते. जयबांनी त्याच्याकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. राजाने हसून होकार दिला. जयबांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि जव्हारचा अख्खा डोंगर वेढून घेतला. वारली राजाला मग गंभीरगड आणि त्याभोवतीचा मुलूख मिळाला.

ही गोष्ट जगात इतरत्रही आहे. ट्युनिसच्या किनाऱ्यावरच्या कार्थेजची राणी डायडो हिनेही अशाच कातड्याच्या वाद्यांनी नगरीची जागा मिळवली, असे रोमन सांगत. दोन समुद्रांपलीकडच्या गोष्टी इतक्या सारख्या कशा, यावर विद्वानांनी लिहावे. माझे लक्ष मात्र माझ्या मैत्रिणीकडे होते. ती वारली. या गोष्टीत ज्याची जमीन गेली त्याच्या बाजूची. मी विचारले, तुमच्याकडे ही गोष्ट कशी सांगतात? ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली. म्हणाली, "आजी सांगायची. पण आजी शेवटी नेहमी म्हणायची, गंभीरगड आपला आहे."

पुढचा इतिहास मोठा आहे, पण मी दोनच ठिकाणी थांबते. पहिले साल १३४३. जयबांचा मुलगा निमशहा याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. तारीख ५ जून. बावीस किल्ले आणि नऊ लाखांचे उत्पन्न असलेला मुलूख त्याच्याकडे होता असे नोंदले आहे. त्या दिवसापासून जव्हारने आपला स्वतंत्र शक सुरू केला आणि तो सहाशे वर्षांहून अधिक काळ चालवला. शक चालवणे म्हणजे काळावर आपली मोहोर उमटवणे. विक्रमाने केले, शालिवाहनाने केले, शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाला केले. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका कोळी राजानेही केले, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळ नाही. मला याचे वाईट वाटते, आणि ते कमी करून सांगावे असे वाटत नाही.

दुसरे ठिकाण शिरपामाळ. जव्हार गावाजवळचा उघडा माळ, वर भगवा. १६६४ च्या सुरत स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, राजे विक्रमशहांनी त्यांचे स्वागत केले आणि त्यांच्या मस्तकी शिरपेच खोवला. म्हणून शिरपामाळ. जव्हारकर हे सांगताना आजही ताठ होतात. पण इतिहास त्या माळावर संपत नाही. पुढे दोघांत बिनसले. जून १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या फौजेने जव्हार घेतले, सतरा लाखांचा खजिना हाती लागला आणि विक्रमशहांना मोगलांच्या मुलखात आसरा घ्यावा लागला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माळावर उभे राहून मी मुलीला दोन्ही सांगितल्या. सुरत आणि नाशिक यांच्यामधल्या घाटवाटा ज्याच्या हातात, त्याला मोठ्या सत्तांशी कधी जुळवून घ्यावे लागते आणि कधी त्यांचा मार सोसावा लागतो. पेशव्यांच्या काळात राज्य आणखी आकसले. इंग्रजी अमलाच्या अखेरीस ते ३१० चौरस मैलांचे उरले होते. १९०१ च्या शिरगणतीत वस्ती सुमारे ४८,०००. एवढ्याशा राज्याच्या राजाला नऊ तोफांची सलामी होती.

आणि मग राजवाडा.

नाव जयविलास. काही जण राजबारी म्हणतात. गावात जुना राजवाडाही आहे, पण हा टेकडीवरचा, यशवंतराव मुकणे महाराजांचा. बांधणी पाश्चात्त्य आणि हिंदी अशी एकत्र. कमानी आहेत, खांब आहेत, वर घुमट. दगड गुलाबी छटेचा, जवळच्या सोस्याच्या खिंडीतला. आम्ही पोचलो तेव्हा सकाळची सर नुकतीच येऊन गेली होती. भिजलेला दगड आणि कोरडा दगड यांचा रंग वेगळा, त्यामुळे भिंतीवर पावसाने सावली काढल्यासारखी दिसत होती. आमच्या काळ्या कातळाच्या सह्याद्रीत असा दगड निघतो, हेच मला नवे होते. आतल्या खोल्यांत घराण्यातल्या पूर्वजांच्या तसबिरी आणि जुने लाकडी सामान. वाडा राजघराण्याच्या मालकीचा आहे, तेव्हा जाण्यापूर्वी चौकशी करावी आणि आत पाहुण्यासारखे वागावे. आमच्या आधी आलेला एक घोळका कमानीत उभा राहून आळीपाळीने व्हिडिओ काढत होता. त्यातल्या एका मुलाने मला विचारले, "मॅडम, कोणत्या पिक्चरमध्ये आहे हा वाडा?" चित्रीकरणे इथे झालीच आहेत, त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्याला निमशहा सांगायला सुरुवात केली. त्याने मोबाइल खाली केला आणि शेवटपर्यंत ऐकले. 'आपल्या पालघरचा?' असे दोनदा विचारले.

यशवंतरावांचा जन्म १९१७ चा. दहा वर्षांचे व्हायच्या आतच वडील गेले आणि गादी त्यांच्याकडे आली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलात काम केले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. पुढे ते लोकसभेवर निवडून गेले. १९७८ मध्ये वारले. एका आयुष्यात माणूस राजा, हवाई दलातला अधिकारी आणि खासदार होतो, तेव्हा त्याच्या वाड्यातही ते सगळे थोडे थोडे उतरणारच. या वाड्याच्या कमानी युरोपच्या आहेत, घुमट इथले आहेत आणि दगड शेजारच्या खिंडीतला. मला तो मिलाफ आवडला. राजाने परक्याची नक्कल केली असे मला कुठे वाटले नाही. जगात जे पाहिले ते आपल्या दगडात करून घेतले, असे वाटले.

पण आता बागेचे सांगते. राजवाडा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक चित्र येते. मोगलांचा चारबाग, पाण्याच्या पाटांनी चार भागांत कापलेला. किंवा फ्रान्सचे व्हर्साय, जिथे सतराव्या शतकात आंद्रे ल नोत्र याने झाडांनाही सैनिकांसारखे रांगेत उभे केले. म्हैसूरचे वृंदावन, कारंजी, दिवे. आमच्यापैकी बहुतेकांनी बाग शाळेच्या सहलीत अशीच पाहिलेली असते. माझी मुलगीही तेच शोधत होती. आम्ही वाड्याला फेरी मारायला निघालो. आधी हिरवळ, मग काजू, आंबे, आणि थोडे पुढे गेल्यावर बाग कुठे संपली आणि रान कुठे सुरू झाले ते मला सांगता येईना.

सांगता आले ते मैत्रिणीला. किंवा असे म्हणावे, की तिला तो प्रश्नच पडला नाही. "हा ऐन बघा, साल बघा, सुसरीच्या पाठीसारखी. हा साग, याचा फुलोरा वाळत आलाय. ही शिवण. हा पळस, याच्या पानांची इरली आजोबा करायचे. हा मोह. चैत्रात पहाटे आम्ही फुलं वेचायला यायचो, इथे नाही, आमच्या पाड्याजवळ, पण असाच." तिने एक पान खुडून मुलीच्या तळहातावर ठेवले, चुरगळायला सांगितले, वास घ्यायला सांगितला. बुंध्याशी तेरडा शेवटचा फुललेला होता. ज्या गोष्टींना मी 'झाडी' म्हणून एका शब्दात उरकले असते, त्यांना तिच्याकडे नाव होते, ऋतू होता आणि उपयोग होता.

राजाला ही झाडे अशीच हवी होती की कापून फुलांचे वाफे करायचे राहून गेले, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे नाही. टेकडीवरून चहूकडे पाहिले की कळते की इथे दुसरी बाग शोभलीच नसती. जव्हारची उंची सुमारे ४५० मीटर. 'पालघरचे महाबळेश्वर' म्हणतात, जिल्हा होण्याआधी 'ठाण्याचे' म्हणत. खाली दऱ्या, त्यांच्यापलीकडे डोंगरांच्या रांगा, आणि उतरत्या उन्हात धनुकमळच्या दरीचा तो धनुष्यासारखा वाक. इतका मोठा देखावा समोर असताना कारंज्याला कोण विचारतो!

मैत्रीण वाड्याच्या पायरीवर बसली. तिथे मी तिला विचारले, लहानपणी तू इथे आली होतीस का? "नाही," ती म्हणाली. "राजा आमचा होता, ताई. पण वाडा लांबचा होता." मग थोड्या वेळाने, "दगड मात्र आमच्यासारख्यांनीच वाहिले असतील ना?" मी तिच्या शेजारी बसून राहिले. राजा आदिवासी होता म्हणून प्रजेचे कष्ट हलके झाले असतील असे मी धरून चालले होते, ते माझ्या मनातच राहिले. याच डोंगरांच्या पायथ्याशी, डहाणू आणि तलासरीकडे, १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडीच्या विरोधात उठाव केला. लग्नाच्या कर्जापायी नवराबायको दोघांनी सावकाराच्या शेतावर राबायचे, ती लग्नगडी. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात होते. हा वाडा पाहताना ते साल डोक्यात ठेवावेच लागते.

जव्हारच्या राजांनी केले ते गावात उतरले की दिसते. जयसागरचे धरण यशवंतरावांच्या काळातले, अजून गावाला पाणी देते. नगरपालिका १९१८ ची. तेव्हा कितीतरी मोठ्या गावांना नगरपालिका नव्हती. सरकारी रुग्णालय आजही राजे पतंगशहांच्या नावाने, पतंगशहा कुटीर रुग्णालय म्हणून ओळखले जाते. पाणी, पालिका, दवाखाना. लहान राज्याच्या राजाने मागे ठेवायला ही यादी काही कमी नाही.

तरीही जव्हार म्हटले की महाराष्ट्राला वाड्याआधी दुसरेच आठवते. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. राज्य हादरले, मंत्र्यांच्या गाड्या घाट चढल्या, जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला तेव्हा मुख्यालय जव्हारला हवे अशी मागणी होती. ते समुद्राकडे, रेल्वेकडे गेले. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात पाड्यांवर बायका डोक्यावर हंडे घेऊन दरी उतरतात. पाणी उतारावरून निघून जाते, खाली. आमच्याकडे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना आणि नळांना सूर्या प्रकल्पाचे पाणी येते, आणि सूर्या नदी याच डोंगरांतून येते. वाड्याच्या टेकडीवर उभे राहून मी मुलीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "म्हणजे आपण यांचं पाणी पितो?" मी हो म्हणाले.

परतायच्या आधी मैत्रिणीने तिच्या माहेरी नेले. मला राजवाड्याइतकीच ती भेट सांगावीशी वाटते, कारण ज्या बागेच्या शोधात आम्ही आलो होतो ती खरी तिथे होती. या भागात बाएफसारख्या संस्थांनी 'वाडी'चा प्रयोग रुजवला. एकेका कुटुंबाच्या एकरभर वरकस जमिनीत आंबा आणि काजूची कलमे, बांधाला जळणाची आणि चाऱ्याची झाडे, मधल्या जागेत भाजी किंवा धान्य. पहिली काही वर्षे खांद्यावरून पाणी घालायचे. तिच्या भावाची वाडी अशीच. कलमे आता माणसाच्या डोक्यावर गेलेली. कडेला मोगऱ्याच्या ओळी. विक्रमगड-जव्हारचा मोगरा दादरच्या फुलबाजारात जातो. कळ्या उमलायच्या आत खुडाव्या लागतात, म्हणून घरातली सगळी माणसे अंधारात शेतात असतात. वहिनींनी आम्हाला नागलीची भाकरी आणि उडदाचे वरण वाढले. मी त्यांना म्हणाले, तुमची बाग फार सुंदर आहे. त्या लाजल्या. "बाग कसली, वाडी आहे," म्हणाल्या. मग उठून बाहेर गेल्या आणि ओल्या फडक्यात बांधलेल्या मूठभर कळ्या मुलीच्या हातात दिल्या. "रात्री फुलतील गं. उशाला ठेव."

घराच्या भिंतीवर लग्नातला चौक पुसट झालेला होता. तांदळाच्या पिठाच्या रेषा, मध्ये पालघट देवी. मुलीने तो बराच वेळ पाहिला. तिला वारली चित्रे माहीत होती, पण कुर्त्यावरची आणि कपावरची. भिंतीवर, धुरात, एका खऱ्या लग्नाची उरलेली, अशी पहिल्यांदा. मैत्रिणीने तिला वसंतातल्या बोहाड्याचे सांगितले. रात्रभर देवदानवांचे मुखवटे नाचतात, आधी गणपती, सरस्वती आणि शेवटी देवी महिषासुराला मारते. कुठला मुखवटा कोणाच्या घराने नाचवायचा, ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. पुढच्या बोहाड्याला यायचे वचन मुलीने माझ्या वतीने देऊन टाकले.

येताना कासामार्गे उतरलो. चारोटीला हायवे लागला तेव्हा दिवस मावळला होता. उजवीकडे, महालक्ष्मीच्या बाजूला, मुसळ्या डोंगराचा सुळका आभाळावर काळा उभा होता. मुलीने काच खाली केली. "आई, झेंडा दिसतोय?" मला दिसत नव्हता. मैत्रिणीने मान बाहेर काढून पाहिले, आणि म्हणाली, "आहे. चैत्रातला आहे, फाटला असेल. पण आहे."

गाडीत मोगऱ्याचा वास यायला लागला होता.